ॲटलास: राजाचा की हमालाचा?
जुन्या मराठीत ‘अतलस’ म्हणजे कापड. तलम, चकाकतं, रेशमी. अरबीतल्या ‘गुळगुळीत’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला हे नाव पडलं. दप्तरातल्या ॲटलासचं या अतलसशी काडीचं नातं नाही, मग अरबीत दोन्ही शब्द अगदी सारखे लिहिले जात असले तरी. नकाशांच्या पुस्तकाला हे नाव दिलं ते फ्लँडर्समधल्या एका जोडे शिवणाऱ्याच्या मुलानं.

रुपेलमोंडे या नदीकाठच्या गावी १५१२ साली जन्मलेला हा गेरार्ड क्रेमर. क्रेमर म्हणजे छोटा व्यापारी. विद्वान मंडळींमध्ये वावरायचं तर लॅटिन नाव हवं, म्हणून पुढे तो मर्केटर झाला. अर्थ व्यापारीच राहिला. लूव्हाँच्या विद्यापीठात शिकून तो गेमा फ्रिसियस या गणितज्ञाच्या हाताखाली तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरू लागला. तिरप्या, रेखीव अक्षरांचा त्याला इतका नाद, की १५४० मध्ये त्यानं त्या वळणावर एक पुस्तिकाच छापली. १५४४ मध्ये पाखंडाच्या संशयावरून त्याला पकडलं आणि सुमारे सात महिने कोंडून ठेवलं, तेही त्याच्याच गावच्या किल्ल्यात. १५५२ मध्ये तो ऱ्हाईनकडेच्या डुइसबुर्गला गेला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

१५६९ चा त्याचा अठरा पत्र्यांचा जगाचा नकाशा सगळ्यांना ठाऊक आहे. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकायचं, तर ती वाट नकाशावर सरळ रेषा यावी, म्हणून त्यानं ध्रुवांकडे अक्षवृत्तांमधलं अंतर वाढवत नेलं. त्यापायी आपल्या भिंतीवरचं ग्रीनलंड अजूनही आफ्रिकेएवढं दिसतं.

मर्केटरचं स्वतःचं मन मात्र दुसरीकडेच गुंतलं होतं. विश्वाची उत्पत्ती, आकाश, पृथ्वी, राज्यांच्या वंशावळी, काळाचा हिशेब, असा सगळाच पसारा एका ग्रंथात मांडायचा होता. नकाशे हा त्यातला एक भाग. तेही तुकड्यातुकड्यानं येत राहिले: १५८५ मध्ये फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्सचा प्रदेश, १५८९ मध्ये इटली आणि ग्रीसकडचा भाग. १५९० मध्ये पक्षाघात झाला. १५९४ च्या डिसेंबरात तो गेला. मुलगा रुमोल्ड यानं पुढच्याच वर्षी शंभराहून अधिक नकाशांचं पुस्तक बाहेर काढलं. खंडांचे नकाशे मुलानं आणि नातवांनी पुरे केले होते. स्पेन तर राहूनच गेला होता. पहिल्या पानावर वडिलांनी ठरवलेलं नाव होतं: ‘ॲटलास’.

हा ॲटलास कोण? ग्रीकांच्या कथेत झ्यूसनं शिक्षा म्हणून ज्याच्या खांद्यावर आकाश दिलं तो दैत्य, असं आपण धरून चालतो. (आकाश, पृथ्वी नव्हे. शिल्पकारांनी आकाशाचा गोल कोरला आणि बघणाऱ्यांना तो पृथ्वीगोल वाटला. आपल्याला तर शेषाची सवय, त्यामुळे शंकाही येत नाही.) मर्केटरच्या मनात मात्र मॉरिटेनियाचा, म्हणजे आफ्रिकेच्या वायव्य टोकाचा, एक पुराणातला राजा होता. तारे जाणणारा, तत्त्वज्ञ, आकाशाचा पहिला गोल घडवणारा. प्रस्तावनेत मर्केटर त्याची वंशावळ देतो आणि याच शहाण्याच्या वाटेनं जायचा आपला विचार आहे असं सांगतो. मुखपृष्ठावरच्या चित्रातही गोल खांद्यावर नाही, हातात आहे. मला हे नाव ठेवणं फार लोभस वाटतं. आयुष्यभर गोल घडवून विकणाऱ्या माणसानं आपला पूर्वज शोधला तोही गोल घडवणाराच.

आता हेच नाव का टिकलं? स्पर्धक कमी नव्हते. मर्केटरचा मित्र ऑर्टेलियस यानं १५७० मध्येच अँटवर्पला एका मापाच्या नकाशांचं पुस्तक काढलं, ते ‘पृथ्वीचं नाट्यगृह’. १५७८ मध्ये गेरार्ड डी योडेचा ‘पृथ्वीचा आरसा’ आला. दोन्ही नावं अर्थाला जास्त नेमकी. ऑर्टेलियसचं पुस्तक धडाक्यानं खपत होतं, तर मर्केटरचं रखडत. पण १६०४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या योडोकस होंडियसनं मर्केटरचे तांब्याचे पत्रे विकत घेतले. त्यानं तीसहून अधिक नवे नकाशे घातले, स्पेनची उणीव भरली आणि १६०६ मध्ये पुस्तक बाजारात आणलं. नाव मर्केटरचंच ठेवलं, कारण त्या नावाला मान होता. दुसऱ्या वर्षी खिशाला परवडणारा छोटा ‘ॲटलास’ही काढला. पुढच्या एका आवृत्तीत तर दोघे एकाच टेबलाशी समोरासमोर बसून गोल मोजताहेत असं चित्र आहे. ते छापलं गेलं तेव्हा दोघेही हयात नव्हते.

१६६२ मध्ये ॲम्स्टरडॅममधल्याच ब्लाऊच्या घराण्यानं आपल्या अवाढव्य, अनेक खंडी संग्रहाला ‘थोरला ॲटलास’ म्हटलं. तोवर ‘ॲटलास’ हे एका पुस्तकाचं नाव उरलं नव्हतं. अशा सगळ्याच पुस्तकांचं झालं होतं.

राजा मात्र मागे पडला. शरीरशास्त्रात ॲटलास म्हणजे मानेचा पहिला मणका, ज्यावर डोक्याचा भार टेकतो. आणि सोनीपतच्या ॲटलास सायकलवरचा तो बिल्ला आठवा: तिथेही गोल उचलणाराच आहे.