हृदयाचा रक्तमार्ग : उपाय आणि प्रचीति

वैद्यकाचा इतिहास बहुधा विजयांची बखर म्हणून लिहिला जातो. परंतु एखादा उपाय खरोखर गुणकारी आहे हें माणसांनीं ओळखलें कसें, याचा इतिहास त्याहून बोधप्रद असतो. हृदयाला रक्त पुरविण्यासाठीं झालेल्या प्रयत्नांची कथा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

हृदय साऱ्या देहाला रक्त पुरवितें. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पोंचविणाऱ्या धमन्या फार बारीक असतात. त्या आंतून अरुंद झाल्या म्हणजे चार पावलें चालतांच छातींत कळ येते. विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्यानें १७६८ मध्यें या व्यथेचें वर्णन केलें. तिच्यावर इलाज मात्र सांपडेना. १९३५ मध्यें क्लीव्हलंड येथें क्लॉड बेक यांनीं छातीचा स्नायु हृदयावर शिवला. १९५० मध्यें मॉन्ट्रिअलच्या आर्थर व्हाइनबर्ग यांनीं उरांतील धमनी हृदयाच्या स्नायूंत रोवली. आणखी एक युक्ति निघाली ती याहून सोपी : उरांतील त्या धमन्या बांधून टाकाव्या, म्हणजे अडलेलें रक्त हृदयाकडे वळेल. रोगी म्हणत, "बरें वाटतें." यापेक्षां अधिक पुरावा कोणाला हवा होता?

तो लिओनार्ड कॉब यांना हवा होता. १९५९ मध्यें सिॲटल येथें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १७ रोग्यांपैकीं ८ जणांच्या धमन्या बांधल्या, व ९ जणांच्या कातडीवर केवळ छेद देऊन ती शिवून टाकली. उतार दोन्ही गटांत सारखाच पडला! रोगी खोटें बोलत नव्हते आणि शस्त्रवैद्यहि लबाड नव्हते. बरें वाटावें ही इच्छाच एवढी बलवान असते. त्या रोग्यांना या योजनेची पूर्ण कल्पना दिलेली नव्हती, हें आज आपल्या नीतीला रुचणार नाहीं. तथापि ती शस्त्रक्रिया त्यामुळेंच मागें पडली, आणि पुढच्या असंख्य लोकांच्या छातीवरचा व्यर्थ छेद टळला.

दरम्यान १९५८ मध्यें क्लीव्हलंड येथेंच मेसन सोन्स यांच्या हातून तपासणीचें रंगद्रव्य चुकून थेट हृदयाच्या धमनींत शिरलें. रोगी वांचला, आणि अडथळा नेमका कोठें आहे हें चित्रांत पाहण्याची वाट सांपडली. १९६७ मध्यें त्याच संस्थेंत रेने फावालोरो या आर्जेंटिनाच्या शस्त्रवैद्यानें पायांतील शीर वापरून अडथळ्याला वळसा घालण्याची पद्धति चालू केली. तीच आपली परिचित बायपास शस्त्रक्रिया होय. १९७७ मध्यें झुरिक येथें आंद्रेआस ग्रुंटझिग यांनीं छाती न उघडतां, धमनींत फुगा फुगवून ती रुंद केली. ती पुन्हां आकसूं नये म्हणून १९८६ पासून आंत धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवूं लागले. पुढें त्या जाळीवर औषधाचा लेपहि आला.

आतां रक्त खरोखरच वाहूं लागलें होतें. पण उतार पडणें निराळें आणि आयुष्य वाढणें निराळें. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनीं हा भेद तपासला. हृदयाच्या डाव्या मुख्य धमनींतच अडथळा असेल, तर शस्त्रक्रियेनें जीव वांचतात, असें आढळलें. परंतु इतर ५९६ रोग्यांत, १९७७ च्या निष्कर्षाप्रमाणें, तीन वर्षांनंतर जिवंत राहिलेल्यांचें प्रमाण औषधांवर शेंकडा ८७ व शस्त्रक्रियेनंतर शेंकडा ८८ होतें. स्टेंटचीहि तीच गत झाली. हृदयविकाराचा झटका चालू असतां बंद धमनी तातडीनें उघडणें प्राणरक्षक आहे, यांत शंका नाहीं. मात्र ज्यांची व्यथा स्थिर आहे अशा २,२८७ रोग्यांच्या २००७ च्या तपासणींत, उत्तम औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्यानें मृत्यु किंवा झटके कमी झाले नाहींत. उलट मधुमेह असून अनेक धमन्या अरुंद झालेल्यांना बायपासच अधिक तारक ठरतो, असें २०१२ मध्यें दिसून आलें.

कॉब यांची कसोटी इंग्लंडांत २०१७ मध्यें पुन्हां लावली गेली. या वेळीं रोग्यांच्या पूर्ण संमतीनें. औषधें घेत असलेल्या २०० रोग्यांत खरा स्टेंट व नुसता देखावा यांमुळें चालण्याच्या शक्तींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. २०२३ मध्यें कळेवरील औषधें थांबवून ३०१ रोग्यांवर तोच प्रयोग केला, तेव्हां स्टेंटनें कळ खरोखर कमी होते असें ठरलें. तरी कित्येकांची ती पुरती गेली नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांच्या धमन्यांचें चित्र पाहून, दुसऱ्याच दिवशीं स्टेंट बसवावा असा सल्ला मिळाला. त्यांना झटका आलेला नव्हता. जिना चढतांना कळ येई, इतकेंच. रुग्णालयाबाहेर बसून आम्ही सर्वांनीं खर्च विचारला, दिवस विचारले, अडथळे किती तेंहि विचारलें. हें कशासाठीं, हा प्रश्न त्यांच्या पत्नीनें केला : "यानें ह्यांची कळ थांबेल, कीं आयुष्य वाढेल?" डॉक्टर क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "कळ." मग औषधें वाढवून तीन महिने वाट पाहण्याचें ठरलें. स्नेही आज सकाळीं फिरावयास जातात. पुढें स्टेंट लागेलहि. पण तो कशासाठीं, हें आतां त्या घराला ठाऊक आहे.