रांग बंद करायची म्हणजे काय?

मंडळी, "तू दिवसभर नेमकं करतोस तरी काय?" हा प्रश्न अमरावतीची आत्या आणि अकोल्याचे काका दर दिवाळीला विचारतात. "कॉम्प्युटरचं काम" एवढ्यावर मी आजवर निभावलं. आता जरा सविस्तर लिहितो. विषय आहे व्हर्च्युअल नेटवर्क ड्रायव्हरमधल्या रांगा, आणि त्या सुरू-बंद करण्याची रीत कशी घडत गेली. नाव ऐकून पळू नका. वऱ्हाडातल्या माणसाला रांग म्हणजे काय ते मी काय सांगणार!

१९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. पुढची जवळपास तीस वर्षं आपला कापूस सरकारी व्यवस्थेलाच विकायचा असा नियम होता. हंगामात केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची आणि माणसं थंडीत गाडीखालीच झोपायची. आतली जागा भरली की फाटक बंद. फाटक बंद करायला एक माणूस पुरतो हो, पण त्याबरोबर तीन प्रश्न उभे राहतात. फाटक पुन्हा उघडलं हे बाहेरच्याला कळणार कसं? नवीन गाड्या थांबवल्या, तर आत आलेल्यांचं काय? आणि ज्याचा काटा झाला पण पावती हातात पडली नाही, तो कापूस त्या घडीला कुणाचा?

हेच तीन प्रश्न कॉम्प्युटरवाल्यांपुढेही आले, आणि तिन्हींची उत्तरं मिळायला बरीच वर्षं लागली.

आधी मांडणी समजून घेऊ. एका मोठ्या मशीनच्या पोटात अनेक खोटी मशीन चालवता येतात. मोठं ते यजमान, आतली ती पाहुणे. पाहुण्याला वाटतं आपल्याकडे स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे. प्रत्यक्षात यजमान आणि तो मिळून मेमरीचा एक तुकडा वापरतात. त्यात ठराविक घरांची एक गोल रांग असते. पाहुणा एकेका घरात पॅकेटचा पत्ता ठेवतो, यजमान ते उचलतो आणि "झालं" अशी नोंद करतो. ऑस्ट्रेलियातल्या रस्टी रसेल यांनी ही पद्धत 'व्हर्टिओ' या नावाने मांडली. लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २००८ मध्ये, ती लोकांच्या हाती आली.

आता पहिला प्रश्न, कळवण्याचा. तो व्हर्टिओपेक्षा जुना आहे. प्रत्येक पॅकेट आलं की कार्ड घंटा वाजवतं, त्याला इंटरप्ट म्हणतात. पॅकेटं फारच वाढली की मशीन नुसत्या घंटा ऐकत बसतं आणि काम शून्य! मोगल आणि रामकृष्णन या दोघांनी १९९६ साली या दुखण्यावर निबंध लिहिला. २००१ च्या सुमारास लिनक्समध्ये त्यावर 'नॅपी' नावाचा उपाय आला: पहिली घंटा वाजली की घंटाच बंद करायची, रांगेतलं काम उपसायचं, रांग रिकामी झाली की घंटा परत सुरू.

यात एक फट राहते. समजा मी रांग पाहिली, ती रिकामी होती. मी घंटा सुरू करायला वळलो आणि तेवढ्यात एक पॅकेट आलं. घंटा तेव्हा बंदच होती, म्हणून वाजली नाही. आता मी घंटेची वाट पाहतोय आणि पॅकेट माझी! म्हणून व्हर्टिओमध्ये घंटा सुरू करणारं फंक्शन उलट उत्तर देतं: "थांब, मधल्या वेळात काम आलंय, परत बघ." पॅकेट पाठवतानाही तेच. घरं संपत आली की ड्रायव्हर वरच्यांना "थांबा" सांगतो, घंटा सुरू करतो, आणि त्यानंतर जागा झाली का ते पुन्हा एकदा तपासतो. हे शेवटचं तपासणं गाळलं, तर नेटवर्क कधीतरी, महिन्यातून एकदा, काही कारण न दिसता गप्प बसतं. शोधणाऱ्याच्या झोपेचं खोबरं!

दुसरा प्रश्न, रांगा कमी-जास्त करण्याचा. आधी पाठवायची एक आणि घ्यायची एक अशी एकच जोडी होती. प्रोसेसर वाढले तशी ती अपुरी पडू लागली. आयबीएमच्या भारतातल्या कृष्णकुमार यांनी अनेक रांगांवर आधी काम केलं, पुढे जेसन वँग यांनी ते तडीस नेलं आणि फेब्रुवारी २०१३ च्या लिनक्स ३.८ मध्ये ते आलं. यात "मी आता इतक्या जोड्या वापरणार" असा हुकूम पाहुणा देतो. यजमानाने तो मान्य केल्याची नोंद केली, की त्यापुढच्या रांगांत त्याने नवीन पॅकेट टाकायचं नाही. म्हणजे फाटक नव्या गाड्यांपुरतं बंद. रांग जागेवरच राहते, नुसती वापरात नसते.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. एखादी रांग खरोखर मोडायची असेल तर? व्हर्टिओ १.० च्या नियमांत रांग सुरू करायला एक खूण आहे, तिथे १ लिहायचं. पण तिथे ० लिहायला ड्रायव्हरला साफ मनाई! सुरू केलेली एकच रांग बंद करायची रीतच नव्हती. अख्खं उपकरण रीसेट करा, मग सगळ्याच रांगा जातात. एका काट्यात बिघाड झाला म्हणून पूर्ण केंद्राला कुलूप, असाच प्रकार.

ही मनाई कुणाच्या आळसातून आलेली नव्हती. पाहुण्याने "बंद" म्हटलं आणि लगेच ती मेमरी दुसऱ्या कामाला घेतली, पण यजमान अजून जुन्या पत्त्यावर पॅकेट लिहीतच असला तर? ते पॅकेट भलत्याच कुणाच्या मजकुरावर जाऊन पडेल. काटा झालाय, पावती नाही, आणि दोघंही माल आपला समजतायत.

उत्तर आलं २०२२ मध्ये, व्हर्टिओ १.२ च्या नियमांत. आता एका रांगेपुरतं रीसेट मागता येतं. पाहुणा १ लिहितो. यजमानाचं आवरेपर्यंत तिथे १ च दिसत राहतं. आवरलं की यजमान ० दाखवतो, आणि तेव्हाच पाहुण्याने आपली घरं परत घ्यायची. त्याच वर्षीच्या लिनक्स ६.० मध्ये हे आलं, आणि बाकीच्या रांगांना धक्का न लावता एका रांगेची लांबी बदलणं जमू लागलं.

२००८ ते २०२२, चौदा वर्षं. मला यातलं एक फार पटतं: बंद करायची मागणी एकाची असते, पण "बंद झालं" हे दुसऱ्याने सांगायचं, ज्याच्या हातात अजून माल आहे त्याने, आणि तेही हिशेब पूर्ण करून. केंद्राच्या फाटकावर "आजपासून खरेदी बंद" हे सांगणारा आतला असायचा, आणि माल मात्र बाहेर, गाडीत. बाहेरच्याने "माझं आवरलं" म्हणेपर्यंत थांबायचं, असा नियम तिथे कुणी लिहिला नव्हता.