छापील सर्किट आणि मुद्रणकला : एका घरगुती पद्धतीचा इतिहास

'प्रिंटेड सर्किट बोर्ड' या संज्ञेतील पहिल्या शब्दाकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. तो केवळ नावापुरता उरला आहे, असाच समज आढळतो. मुळात मात्र तो अक्षरशः खरा होता. कारखान्यातील गुंतागुंतीच्या प्रक्रियांत तो झाकला गेला आणि टेबलावरच्या लेसर प्रिंटरने हौशी लोकांच्या घरात त्याला पुन्हा अर्थ मिळवून दिला, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

व्हिएन्नाचा अभियंता पॉल आइस्लर (१९०७-१९९२) याने काही काळ मुद्रण व्यवसायात काम केले होते. १९३६ मध्ये तो इंग्लंडला आला. रेडिओतील तारांचे जंजाळ काढून टाकून त्यांच्या जागी तांब्याच्या पत्र्यावरील छापील रेषा वापराव्यात, ही त्याची कल्पना. एका रेडिओ कंपनीने ती नाकारली. कारण असे की, तारा जोडणाऱ्या मुलींचे काम अधिक स्वस्त पडते! अखेर त्याला आधार दिला तो हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या लंडनच्या मुद्रण व्यवसायाने, आणि १९४३ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला. आम्लाला दाद न देणारी शाई तांब्यावर छापावयाची व उघडे राहिलेले तांबे विरघळवून टाकावयाचे, हे तत्त्व ताम्रपट्टी कोरणाऱ्या मुद्रकांना पूर्वीपासून परिचित होते.

घरी काम करणाऱ्याजवळ मात्र छापखाना नव्हता. आपल्याकडील तंत्रनिकेतनांतही ऑइलपेंट आणि बारीक कुंचला यांवरच काम भागवीत. आयसीच्या दोन पायांमधील अंतर अवघे २.५४ मिलिमीटर, त्यामधून कुंचल्याने रेषा नेणे म्हणजे हाताची कसोटीच होती.

हा प्रश्न सुटला तो वेगळ्याच दिशेने. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन याने विद्युतभारित पृष्ठभागावर भुकटी चिकटवून अक्षरे उमटविली, ती मेणकागदावर उचलली आणि उष्णतेने पक्की केली. या झेरॉग्राफीतूनच १९७१ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांचा लेसर प्रिंटर घडला. १९८४ मध्ये एचपीचा लेसरजेट कार्यालयांच्या टेबलावर आला. त्यातील टोनर ही शाई नसून उष्णतेने वितळणाऱ्या प्लास्टिकची भुकटी असते. कागदावर एकदा पक्की झालेली ही भुकटी इस्त्रीच्या उष्णतेने पुन्हा वितळते व तांब्याला चिकटते. इंकजेटच्या पाणीदार शाईला हे साधत नाही.

कृती साधी आहे. आकृती गुळगुळीत कागदावर छापतात, घासून स्वच्छ केलेल्या तांब्यावर पालथी ठेवून इस्त्री करतात, मग पाण्यात भिजवून कागद सोलून काढतात. उरलेले काम फेरिक क्लोराइड करते. तांब्यावर उमटताना आकृती उलटते, म्हणून ती आधीच उलटी छापावी लागते. खिळे जुळविणाऱ्या कंपोझिटरला हे सांगण्याची गरज पडली नसती. बोटाचा तेलकट ठसा राहिला किंवा इस्त्री कमी तापली, तर मात्र रेषा तुटतात.

तंत्रज्ञानाचा इतिहास पेटंटांच्या आधारे लिहिला की असे प्रकरण त्यातून निसटते. आइस्लर आणि कार्लसन यांची नावे राहतात. पण या दोन शोधांची गाठ जुळविणारे हात अनेक, त्यांची नोंद नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात तांब्याचा थर दिलेली पाटी व फेरिक क्लोराइडची पुडी विकत घेणारा विद्यार्थीही त्याच परंपरेतील आहे.

अलीकडच्या काळात संगणकावरील आकृती पाठवून तयार बोर्ड स्वस्तात मागविता येऊ लागले. त्यांच्या रेषा निःसंशय अधिक सुबक असतात. पण तांबे कोठे टिकते व कोठे विरघळते, हे विद्यार्थ्याला आता पाहावयास मिळत नाही. हे नुकसान प्रस्तुत लेखकाला लहान वाटत नाही. घरगुती पद्धतीचे निर्दोष चित्र रंगविण्याचाही हेतू नाही : विरघळलेले तांबे त्या पिवळट द्रवातच राहते, आणि तो मोरीत ओतण्याची सवय आपल्या प्रयोगशाळांनी फार काळ चालवून घेतली.