जठरातली शिबंदी

दुखण्यावरची गोळी उपाशीपोटी घेऊ नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. का घेऊ नये, याचे उत्तर मात्र गेल्या शतकात तीनदा बदलले. आणि तिसऱ्या उत्तरात आरोपी निघाल्या आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी.

या पेशींची ख्याती रक्षणकर्त्यांची. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना येथे इल्या मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा! परक्याला गिळून शरीर राखणाऱ्या पेशींचा सिद्धान्त त्याने यावरून मांडला, आणि १९०८ साली त्याला नोबेल मिळाले. (मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे ओडेसात याच मेचनिकॉफचे विद्यार्थी.) तेव्हापासून पांढऱ्या पेशी म्हणजे गडावरची शिबंदी, असेच आपण शिकत आलो. शिबंदी बिथरली की आपल्याच मुलखात धुमाकूळ घालते, हे मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याला सांगायला नको. जठराच्या बाबतीत वैद्यकाला ते उमगायला बराच काळ जावा लागला.

ॲस्पिरिन बाजारात आले १८९९ मध्ये. १९३८ साली लंडनच्या डाउथवेट आणि लिंटॉट यांनी रुग्णांच्या जठरात दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा गोळीच्या आसपासचे अस्तर लालबुंद झालेले दिसले. म्हणजे गोळी अस्तराला पोळते, हे पहिले उत्तर. पण या जातीची औषधे सुईने टोचली तरी जठराला जखमा होतात, त्याचे काय? १९७१ साली जॉन वेन यांनी दाखवले की ॲस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लॅन्डिन तयार होऊ देत नाही. जठरातला बुळबुळीत थर आणि अस्तराचा रक्तपुरवठा याच द्रव्यांवर टिकून असतो. हे दुसरे उत्तर. १९८२ साली वेन यांना नोबेलही मिळाले आणि प्रकरण मिटल्यासारखे वाटू लागले.

मिटले नव्हते. १९९० साली वॉलेस, कीनन आणि ग्रेंजर यांनी उंदरांवर केलेला प्रयोग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी काही उंदरांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आधीच जवळपास संपवल्या आणि मग इंडोमेथॅसिन हे वेदनाशामक दिले. औषध तेच, जठरातले आम्लही होतेच. पण अस्तराच्या जखमा फारच कमी झाल्या. पुढच्याच वर्षी वॉलेस आणि सहकाऱ्यांनी सशांना सीडी१८ या रेणूविरुद्धचे प्रतिपिंड दिले. न्यूट्रोफिलला रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट चिकटायला हा रेणू लागतो. पेशी रक्तात होत्या, पण त्यांना चिकटता येईना. आणि जठर बचावले.

यातून चित्र उभे राहिले ते असे: प्रोस्टाग्लॅन्डिन घटले की न्यूट्रोफिल अस्तरातल्या बारीक वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, रक्ताची वाट अडवतात आणि जंतूंसाठी राखलेला दारूगोळा, म्हणजे दाहक ऑक्सिजन-रेणू आणि प्रथिने फोडणारी विकरे, तिथेच ओततात. आम्ल येते ते या पडझडीवर. म्हणून आम्ल निर्दोष ठरत नाही, आणि वेनही खोटे पडत नाहीत. मात्र १९९५ साली जनुक काढून टाकलेले असे उंदीर तयार झाले, की ज्यांच्या जठरात प्रोस्टाग्लॅन्डिन नावापुरतेच उरले होते, तरी त्यांना आपोआप अल्सर झाला नाही. एकट्या दुसऱ्या उत्तरावर भागत नाही, हे त्यावरून पक्के झाले.

मग गोळीसोबत या पेशींनाच आवर घालणारे औषध का देत नाहीत? त्याचे उत्तर निसर्गाने आधीच देऊन ठेवले आहे. काही मुले जन्मतःच सीडी१८ शिवाय येतात. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल भरपूर असतात, पण वाहिनीबाहेर पडून जखमेपर्यंत पोचू शकत नाहीत. साध्या खरचटण्यावरही जंतू माजतात, पू धरत नाही, जखम भरत नाही. अस्थिमज्जेचे रोपण झाले नाही, तर या आजाराच्या तीव्र प्रकारातली बहुतेक मुले लहानपणीच दगावतात. त्यामुळे डॉक्टर आजही वेदनाशामकाबरोबर आम्ल कमी करणारी गोळीच लिहून देतात.