दस्तकाचे घराणे

सुरतेचे नाव काढले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे १६६४ आणि १६७० या दोन सालांखेरीज सहसा दुसरे काही उभे राहत नाही. परंतु परदेशी शिकावयास निघालेल्या मुलाच्या पासपोर्टात जो विद्यार्थी-व्हिसा चिकटवला जातो त्याचे कुळ शोधू गेल्यास, त्या लुटींच्याही आधीच्या सुरतेत, जेथे बादशहाचा मुत्सद्दी बंदराचा कारभार पाहत असे आणि मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे मोसमी वाऱ्याची वाट पाहत पडून राहत, तेथवर मागे जाणे भाग पडते.

पंधरावे शतक सरेपर्यंत अरबी समुद्रास दरवाजा नव्हता. तो पोर्तुगीजांनी बसवला. समुद्र आपल्या मालकीचा असे एकतर्फी ठरवून त्यांनी परक्या जहाजांस संचाराची मनाई केली आणि मग त्याच मनाईतून सवलत देणारा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना विकावयास आरंभ केला. जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, माल, शस्त्रे, कोठून निघाले, कोठे जाणार, एवढा तपशील त्यात नोंदलेला असे. परवान्याची किंमत किरकोळ असे, खरी कमाई त्या जहाजाने पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावी या अटीत होती. अकबराने १५७३ मध्ये गुजरात जिंकला, पण त्याची आत्या गुलबदन बेगम यात्रेस निघाली तेव्हा हिंदुस्थानच्या बादशहाच्या घरातील या वृद्ध स्त्रीला कार्ताझाच्या प्रतीक्षेत सुरतेस दीर्घकाळ अडकून पडावे लागले, आणि १५७६ मध्ये तिचे जहाज एकदाचे सुटले. त्या परवान्यावर येशू व मेरी यांची चित्रे असत, हे एक कारण पुढे करून दरबारातील एका मोठ्या धर्मशास्त्र्याने यात्रेचे कर्तव्यच माफ झाल्याचा निर्णय दिला होता, असे इतिहासकार बदायुनीने नोंदवले आहे. पुढे १६१३ मध्ये जहांगीरच्या मातोश्रींचे ‘रहीमी’ हे प्रचंड जहाज पदरी कायदेशीर कार्ताझ असतानाही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडून गोव्यास नेले. बादशहाने संतापून आग्र्याचे ख्रिस्ती देवालय बंद करविले आणि दमणवर सैन्य धाडले. परवाना हातात असणे निराळे आणि तो देणाऱ्याची मर्जी शाबूत असणे निराळे, हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने रहीमीची हकीकत अवश्य वाचावी.

आपल्या मंडळींनीही हा धडा लवकरच गिरवला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कान्होजी आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्यावाचून कोकणकिनाऱ्याने जाणाऱ्या जहाजाची धडगत नसे, आणि कान्होजींना चाचा म्हणून शिव्या देणारे इंग्रज कंपनीचे कारकून स्वतःही दस्तके वाटीत असत, यातला विनोद त्यांच्या दप्तरांत मात्र कोठे दिसत नाही.

जहाजाचा परवाना माणसाला, आणि त्यातही विद्यार्थ्याला, कसा चिकटला, हे पाहावयास मात्र समुद्रापलीकडे अमेरिकेत गेले पाहिजे. तेथील सरकारने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना देशबंदी केली. पण चीनशी आधी झालेल्या तहाप्रमाणे शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी आणि प्रवासी यांना मज्जाव करता येत नव्हता. म्हणून अशा माणसाने आपल्या सरकारकडून तो मजूर नसल्याचा दाखला आणावा असे ठरले, आणि १८८४ च्या दुरुस्तीने त्या दाखल्यावर निघण्याच्या देशातील अमेरिकी वकिलाने तपासणी करून शेरा मारावा, अशी भर पडली. विद्यार्थी-व्हिसाचा मूळपुरुष कोणता असे मला विचारले, तर मी या शेऱ्याकडे बोट दाखवीन. किल्ल्याचा महादरवाजा लावून घेतल्यावर एकेका माणसापुरता जो दिंडी दरवाजा उघडा ठेवतात तसा तो होता, आणि त्यातून आत शिरणाऱ्याची झडती होणे क्रमप्राप्तच होते. योगायोग असा की, या दोन सालांच्या मधल्या १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने निघून फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या. समाजाने त्यांना नाना प्रश्न विचारले. अमेरिकेच्या सरकारने व्हिसा मागितला नाही, कारण बंदी अजून आपल्यापर्यंत पोचली नव्हती.

ती १९१७ मध्ये पोचली. त्या वर्षीच्या कायद्याने आशियाच्या नकाशावर एक निषिद्ध पट्टा आखला गेला, हिंदुस्थान त्यात पडला, आणि पुन्हा विद्यार्थ्यांना त्या निषेधातून वगळण्यात आले. परंतु या घराण्यातील सर्वांत महत्त्वाचा जन्म १९२४ चा. त्या सालच्या कायद्यातील एका पोटकलमाने खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्याची व्याख्या केली: वय किमान पंधरा, हेतू केवळ शिक्षणाचा, आणि शाळा सरकारने मान्य केलेली, जिने विद्यार्थ्याची हजेरी संपताच सरकारला कळविण्याचे कबूल केले असेल. गुरुकुलाला चौकीचे काम लागले ते त्या दिवसापासून. १९५२ च्या कायद्यात या वर्गास ‘एफ’ हे अक्षर मिळाले, २००३ पासून ती कळवणी ‘सेव्हिस’ नामक संगणकीय दप्तरात होऊ लागली. कलमाचा गाभा मात्र तोच राहिला.

हा वंशवृक्ष ठाऊक नसला की आजचे नियम लहरी वाटतात. सुरतेच्या लिंबायत आणि उधना भागांत खानदेशातून येऊन यंत्रमागांवर स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथल्याच एका घरी, मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतून पासपोर्ट परत आल्यावर, सतरंजीवर आय-२० हा महाविद्यालयाने दिलेला प्रवेशाचा कागद, बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र आणि शुल्काच्या पावत्या मांडून बसलेल्या मुलाने विचारले, “काका, शिक्का पाच वर्षांचा मिळालाय, म्हणजे पाच वर्षं राहता येईल ना?” त्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. त्याला सांगावे लागले की, बाबा, हा शिक्का दारापर्यंत जाण्याचा. पाच वर्षे त्याचा उपयोग दार ठोठावण्यापुरता. आत किती राहावयाचे ते दारावरचा अंमलदार आय-९४ या नोंदीत लिहितो, आणि विद्यार्थ्याच्या नोंदीत तारखेऐवजी ‘डी/एस’ ही अक्षरे असतात: दर्जा टिकेल तोवर. उलट, तेथे असताना शिक्क्याची मुदत संपली तरी दर्जा शाबूत असेल तर बिघडत नाही. बाहेर पडून परत यावयाचे झाले तरच नवा शिक्का लागतो. दर्जा टिकतो तो प्रत्येक सत्रात पूर्ण वेळ शिकल्याने, सत्र चालू असता आवारातील काम आठवड्यास वीस तासांच्या आत ठेवल्याने, पत्ता बदलल्यास दहा दिवसांत कळविल्याने आणि आय-२० ची तारीख उलटण्यापूर्वी ती वाढवून घेतल्याने. यात चूक झाली की महाविद्यालयातील अधिकारी, ज्याला मुले ‘डीएसओ’ म्हणतात, एकवीस दिवसांत तसे सेव्हिसमध्ये नोंदवण्यास बांधलेला असतो. तो मनाने कितीही भला असो, १९२४ ची कबुली त्याच्या संस्थेच्या मानेवर आहे.

“आणि नोकरी?” वडिलांनी विचारले. शिक्षणास पूरक अशा प्रत्यक्ष कामाची मुभा १९४७ च्या नियमांत आढळते. आज ती बारा महिन्यांची असून विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवीधरास आणखी चोवीस महिने मिळू शकतात. घरातला कर्जाचा हिशेब बहुधा या छत्तीस महिन्यांवर बेतलेला असतो, आणि मुलाखतीच्या खिडकीशी मात्र मुलाला स्वदेशातील घर सोडण्याचा आपला इरादा नाही हे पटवावे लागते. कारण कायदा प्रत्येक अर्जदाराला, उलट सिद्ध होईपर्यंत, कायमचा वस्तीस येणारा समजतो. या विसंगतीबद्दल मुलांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. बंदीच्या पोटी जन्मलेल्या सवलतीला संशय हा वारशाने मिळालेला आहे.

परतीची हमी घेण्याची याहून सरळ रीत सुरतेच्या शेजारीच होऊन गेली. नवसारी हा तेव्हा बडोदे संस्थानचा प्रांत. त्या संस्थानचे अधिपती सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणास कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी असा करार ४ जून रोजी लेखी करून घेतला. आंबेडकर १९१७ मध्ये परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यास रुजूही झाले. पण तेथे त्या पदवीधराला जातीपायी राहावयास जागा मिळेना, कचेरीतले शिपाई कागद दुरून टाकीत, आणि थोड्याच दिवसांत त्यांना ती नोकरी सोडून मुंबईस निघून जावे लागले.