सगळेच शेवट खरे

आता १९९६चा 'डॅगरफॉल' घ्या, 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला दुसरा मोठा गेम. न्युमिडियम नावाच्या अवाढव्य पितळी पुतळ्याचा ताबा कुणाला द्यायचा, हे यात खेळणाराच ठरवतो. म्हणजे शेवट अनेक. मग मालिकेचा इतिहास कुठला धरायचा? रात्र रात्र जागून ज्याने निर्णय घेतला, त्याला 'तुझं खोटं' म्हणायचं? बेथेस्डाने पुढे एकही शेवट खोडला नाही. काळच मोडला आणि परस्परविरोधी घटना एकदमच घडल्या, असं ठरवलं! पळवाटच ही, पण हुशार. शिवाय हा इतिहास बराचसा गेममधल्या पुस्तकांतून कळतो, आणि त्यांचे लेखक त्याच जगातले, चुकू शकणारे.

सिरोडिल प्रांताचं मात्र अवघड झालं. १९९८च्या 'रेडगार्ड'सोबतच्या पुस्तिकेत तिथे घनदाट जंगल होतं. २००६च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये दिसली हिरवी कुरणं. डोळ्यांनी पाहिलेलं कुठल्या लेखकावर ढकलणार?