परमवीर अब्दुल हमीद : शिंप्याच्या घरातला हवालदार आणि त्याच्यामागे उभी राहिलेली रसूलन बीबी

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात दोघांना परमवीरचक्र मिळालं आणि दोघांनाही ते मरणोत्तर मिळालं. एक होते मुंबईत जन्मलेले पारशी अधिकारी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. दुसरे होते उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यातले मुसलमान हवालदार अब्दुल हमीद. हमीद यांचं नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, पण ते फौजेत नेमकं काय काम करायचे आणि त्यांच्या माघारी कुटुंबाचं काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही.

गाव आणि घर

अब्दुल हमीद यांचा जन्म १ जुलै १९३३ रोजी गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावात झाला. वडील मोहम्मद उस्मान, आई सकीना बेगम. घरात शिवणकामाचा धंदा होता. हमीदही लहानपणी वडिलांना कपडे शिवायला हातभार लावायचे, पण त्यांचं मन रमायचं कुस्ती आणि लाठीत. रसूलन बीबींशी त्यांचा निकाह झाला. त्यांना पाच मुलं झाली, चार मुलगे आणि एक मुलगी.

२७ डिसेंबर १९५४ रोजी, वयाच्या २१ व्या वर्षी, ते भरती झाले आणि पुढे ग्रेनेडियर्स रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमध्ये गेले. या रेजिमेंटची मुळं जुन्या मुंबई फौजेत आहेत. स्वातंत्र्याआधी तिला ‘बॉम्बे ग्रेनेडियर्स’ म्हणत.

१९६२ ची माघार

१९६२ च्या चीन युद्धात त्यांची बटालियन ईशान्य सीमेवर नामका चू नदीकाठी होती. चिनी हल्ल्यात तिथली भारतीय ब्रिगेड मोडून पडली. वेढ्यात सापडलेले हे जवान भूतानच्या वाटेने पायी बाहेर पडले. युद्धानंतर हमीद यांना बढती मिळून ते कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार झाले. म्हणजे काम कोठाराचं, कंपनीचं रेशन, कपडे, सामान सांभाळायचं. त्याआधी मात्र त्यांनी रणगाडाविरोधी तोफेवर काही वर्षं काढली होती आणि निशाणा पक्का केला होता. १९६५ मध्ये या तोफेची जबाबदारी घ्यायला अनुभवी माणूस हवा होता, तेव्हा कोठारातल्या हमीद यांनाच पुन्हा बोलावलं गेलं.

युद्धाच्या तोंडावर ते सुट्टीवर घरी होते. परत बोलावणं आलं. निघताना बिछाना बांधायची दोरी तुटली, आपल्याला तो अपशकुन वाटला आणि आज जाऊ नका म्हणून आपण विनवलं, असं रसूलन बीबी पुढे सांगायच्या. पण हमीद थांबले नाहीत.

जीपवरची तोफ

पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर आणि चीमा या गावांच्या परिसरात चौथी ग्रेनेडियर्स मोर्चा लावून होती. समोरून पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे येत होते. हमीद यांच्याकडे होती जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ.

या तोफेचा स्फोटाचा दाब मागच्या बाजूने बाहेर पडतो, म्हणून तिला धक्का बसत नाही आणि ती जीपवरही बसवता येते. पण त्यामुळेच गोळा सुटला की मागे ज्वाळा आणि धुळीचा लोट उठतो आणि तोफ कुठे आहे ते शत्रूला लगेच कळतं. जीपला चिलखत नसतं. म्हणून गोळा मारायचा आणि जागा बदलायची, एवढाच बचाव. उभ्या उसाच्या शेतांनी आडोसा दिला. कालव्याचं पाणी सोडून भिजवलेल्या जमिनीत जड रणगाडे रुतू लागले.

१० सप्टेंबरच्या सकाळी आठ वाजता पॅटन रणगाड्यांचा मोठा हल्ला आला. तासाभरात ते पुढच्या मोर्चात घुसले. हमीद जीप घेऊन बाजूला सरकले आणि सर्वात पुढचा रणगाडा उडवला. झटकन जागा बदलून दुसरा पेटवला. तोवर शत्रूला जीप दिसली. मशीनगन आणि गोळ्यांचा मारा सुरू झाला, तरी ते तिसऱ्या रणगाड्यावर तोफ डागत राहिले. त्यातच शत्रूचा गोळा लागून ते शहीद झाले. वय होतं ३२.

त्यांनी एकूण किती रणगाडे उडवले? कुठे सात, कुठे आठ असे आकडे दिले जातात. १० तारखेची वर हकिकत दिली आहे ती परमवीरचक्राच्या मानपत्रातली. आधीच्या दिवसांतले रणगाडे धरले की आकडा वाढतो.

त्यांची कबर असल उत्तरलाच आहे. दरवर्षी १० सप्टेंबरला लोक तिथे जमतात.

रसूलन बीबींची ५४ वर्षं

२६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून रसूलन बीबींनी पतीचं परमवीरचक्र स्वीकारलं. हे पदक मराठी घरात सून होऊन आलेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटलेलं आहे.

पुढे पाच मुलांना वाढवत त्यांनी उभं आयुष्य काढलं. २००८ मध्ये त्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना भेटल्या. गावात सैन्यभरती केंद्र व्हावं, राहत्या घराचं स्मारक व्हावं, शहादतीचा दिवस देशभर पाळला जावा आणि नातवंडांना सरकारी नोकरी मिळावी, या त्यांच्या मागण्या होत्या. परमवीराच्या बेवेलाही चार दशकांनंतर नातवंडांच्या नोकरीसाठी अर्ज करावा लागला, हे आपण लक्षात ठेवायला हवं. १० सप्टेंबर २०१७ रोजी लष्करप्रमुख बिपीन रावत यांनी गाझीपूरला येऊन त्यांच्या उपस्थितीत हमीद यांच्या पुतळ्याचं अनावरण केलं. २ ऑगस्ट २०१९ रोजी रसूलन बीबींचं इंतकाल झालं.

अफवेला उत्तर

‘१९६५ मध्ये मुस्लिम रेजिमेंटने लढायला नकार दिला’ असा मेसेज सोशल मीडियावर फिरत असतो. भारतीय सैन्यात तेव्हा अशी रेजिमेंटच नव्हती. मुसलमान जवान इतरांच्या खांद्याला खांदा लावून वेगवेगळ्या पलटणींत लढत होते. या खोट्या प्रचारावर कारवाई व्हावी म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास यांच्यासह १०० हून अधिक माजी सैनिकांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं होतं.

तो मेसेज आपल्या मुलांच्या मोबाइलवरही येतो. त्यांना चीमा गावची ती सकाळ तारखेनिशी माहीत असली, तर उत्तर द्यायला त्यांना कुणाची गरज पडणार नाही.